जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही : विश्वासार्हतेचा ताळेबंद

बुलढाणा जिल्ह्याचे 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात कायमचे रूढ आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके पठारावर वसलेले. तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातले. जिल्ह्याच्या मुख्यालयाला आजही रेल्वे नाही. मुंबईकडे किंवा नागपूरकडे जाणारी गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. मुलांची महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये छत्रपती संभाजीनगर किंवा अकोल्याला, सोयरिकी जालना-अमरावतीपर्यंत पसरलेल्या, आणि सोयाबीन-कापसाचा व्यवहार चिखली-खामगावच्या बाजारात. अशा जिल्ह्यात मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने चारचाकी ही आता चैन राहिलेली नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत या कुटुंबांच्या दारातील लहान मोटारीची जागा उंच बांध्याच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीने घेतली आहे. खराब रस्त्यावर पोटाला दगड लागत नाही, वडीलधाऱ्यांना वाकून बसावे लागत नाही, आणि लग्नसराईत दोन बॅगा अधिक मावतात. परंतु नव्या गाडीची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असते आणि मग तीच गाडी पाच-सात वर्षे वापरलेली घेण्याचा विचार घरात सुरू होतो. त्या वेळी पहिला प्रश्न असतो ॲव्हरेजचा आणि दुसरा किमतीचा. ही गाडी वर्षातले किती दिवस गॅरेजात उभी राहील, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. घरातील चार-सहा लाखांची बचत मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

जुन्या गाडीची विश्वासार्हता केवळ कंपनीच्या किंवा मॉडेलच्या नावावर ठरत नाही. ती आधी कशी वापरली गेली, आता कशी वापरली जाणार आहे, आणि बिघडली तर किती अंतरावर व किती दिवसांत दुरुस्त होईल, या तीन गोष्टींचा मेळ बसला तरच गाडी भरवशाची ठरते. एकच मॉडेल एका घरात दहा वर्षे निर्धोक चालते आणि शेजारच्या घरात दुसऱ्याच वर्षी डोकेदुखी होते, त्याचे कारण येथे आहे.

चार मीटरचे गणित

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यासाठी लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटर, डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटर अशी मर्यादा घातली गेली. या सवलतीत बसेल अशी उंच गाडी बनवण्याची स्पर्धा पुढे सुरू झाली. २०१३ मध्ये फोर्ड इकोस्पोर्ट, २०१५ मध्ये महिंद्रा टीयूव्ही ३००, २०१६ मध्ये मारुती व्हिटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ३०० व ह्युंदाई व्हेन्यू, आणि २०२० मध्ये किया सोनेट व निसान मॅग्नाइट बाजारात आल्या. २०१२ मध्ये आलेली रेनॉ डस्टर चार मीटरपेक्षा लांब होती. तरीही ग्राहकांनी तिला याच पंक्तीत बसवले. या गाड्यांचे पहिले मालक आता नव्या गाडीकडे वळत आहेत आणि त्यांच्या जुन्या गाड्या विक्रीला येत आहेत.

जुनी गाडी घेण्यामागचा आर्थिक विचार मुळात चुकीचा नाही. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरवताना जो घसारा धरतात, तोच त्याचा पुरावा आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, असे हे कोष्टक आहे. म्हणजे पाच वर्षांची गाडी घेणारा मनुष्य निम्म्या घसाऱ्याचा भार पहिल्या मालकावर ठेवून व्यवहारात उतरतो. बाजारभाव या कोष्टकाबरहुकूम चालत नाही, मागणी असलेल्या गाड्यांना जास्त भाव मिळतो. पण घासाघीस कोठून सुरू करावी याचा अंदाज त्यातून येतो.

येथे एका नव्या गोष्टीची नोंद घ्यावयास हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरली पाहिजे. विक्रेता मात्र स्वतः गाडी घेतली त्या वर्षाच्या किमतीचा दाखला देतो. म्हणून सौदा करण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची किंमत शोरूममधून लिहून आणावी आणि मगच बोलणी करावीत. ब्रेझाचे १४६२ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन या लहान मोटारींच्या दरात बसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

एका जिल्ह्यातील तीन वापर

बुलढाणा जिल्ह्यात गाडीचा वापर साधारणपणे तीन प्रकारे होतो आणि प्रत्येक प्रकार गाडीची वेगळी परीक्षा घेतो.

पहिला वापर दुकान आणि बाजार समितीचा. घरातून दुकान, दुकानातून अडत, तेथून बँक, संध्याकाळी मंदिर आणि परत घर. दिवसाला आठ-दहा किलोमीटर, तेही तुकड्या-तुकड्यांनी. वर्षाअखेर किलोमीटर कमी भरतात, म्हणून 'कमी चाललेली गाडी' असे तिचे कौतुक होते. प्रत्यक्षात इंजिन नीट तापण्यापूर्वीच बंद होणाऱ्या गाडीची झीज अधिक होते. त्यातून गाडी डिझेलची आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ नियमांतली असेल तर आणखी एक अडचण उभी राहते. अशा गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. चिखलीच्या पेठेत फिरणाऱ्या गाडीला तशी संधीच मिळत नाही. मग समोर पिवळा दिवा लागतो, ओढ कमी होते आणि गाळणीच्या सफाईचा किंवा बदलण्याचा मोठा खर्च पुढे येतो. काही ठिकाणी ही गाळणी पोकळ करून देण्याचा सोपा उपाय सुचवला जातो. तो बेकायदेशीर आहे, धूर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाकात सोडणारा आहे आणि पुढील विक्रीत गाडीची किंमत पाडणारा आहे. ज्याचा वापर केवळ गावातला आहे, त्याने साधी पेट्रोल गाडी घ्यावी, हेच हिताचे.

चातुर्मासात प्रवास आवरता घेणाऱ्या घरांमध्ये तर गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो आणि धान्याच्या गोदामाजवळ उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात. वायरिंगचा एक जुडगा कुरतडला गेला तर गाडी जागची हलत नाही, आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तो पूर्ण बदलावा लागला तर बिल छातीत धडकी भरवणारे असते. त्यासाठी विषाचा मार्ग धरण्याची काहीच गरज नाही. गाडीत खाद्यपदार्थ आणि पोती ठेवू नयेत, ती उजेडाच्या व मोकळ्या जागी उभी करावी, इंजिनखालच्या फटींना जाळी बसवून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवावी. एवढ्याने बहुतेक त्रास टळतो.

दुसरा वापर घाटाचा. बुलढाण्याहून मलकापूर किंवा बोथा घाटातून खामगाव असा नित्य प्रवास करणारे शिक्षक, वकील, औषधविक्रेते या गटात येतात. चढावर इंजिन, क्लच आणि कुलंट यांची कसोटी लागते, उतारावर ब्रेकची. टर्बो डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांवर जोर नसतो. वेळीच खालचा गिअर न टाकता अर्धा क्लच दाबून चढ चढण्याची सवय असली की क्लच प्लेट लवकर जळते. घाटाखालच्या भागात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात एसी लावून घाट चढताना रेडिएटरचा पंखा किंवा थर्मोस्टॅट दुबळा असेल तर तापमानाचा काटा लगेच चाडी करतो. म्हणून घाटाच्या वापरासाठी जुनी गाडी पाहणाऱ्याने ती सपाट रस्त्यावर चालवून समाधान मानू नये. दुपारच्या उन्हात, चार माणसे बसवून आणि एसी लावून राजूर घाट एकदा चढावा व खालच्या गिअरमध्ये उतरावा. क्लच घसरतो का, काटा वर जातो का, ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते का, हे त्या एका फेरीत कळते.

तिसरा वापर महामार्गाचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा या भागांतील कुटुंबांचे नागपूर अचानक जवळ आले. ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. डिझेल गाडीला असा सलग प्रवास मानवतो. मात्र काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायरची खरी परीक्षा होते. गावात वर्षानुवर्षे निमूट चाललेले टायर येथे दगा देतात. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३१८' म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी असा टायर रबर कडक झाल्यामुळे महामार्गाच्या कामाचा राहिलेला नसतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असणे तर कायद्यालाही मान्य नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजानजीक याच महामार्गावर खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा वेगवान रस्ता वाहनाकडून आणि चालकाकडून किती दक्षता मागतो याची जाणीव साऱ्या जिल्ह्याला झाली. जुन्या गाडीच्या सौद्यात टायरचे चार-पाच हजार वाचवण्याचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

मालकांना काय अनुभवास येते

ब्रेझाचा जुन्या बाजारातील मान मोठा आहे. २०२० च्या आरंभापर्यंत ती केवळ १२४८ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनासह मिळत असे. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा या गाड्यांत वर्षानुवर्षे असल्यामुळे तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही ते डोळे झाकून ओळखतो. त्यात पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे, आणि बीएस-४ काळातील असल्याने काजळीच्या गाळणीचा प्रश्न येत नाही. उणी बाजू अशी की २००० फेऱ्यांच्या खाली ओढ मंद वाटते आणि खराब रस्त्यांवर चाललेल्या गाडीत सस्पेंशनचे बुश, लिंक रॉड खडखडू लागतात. ही कामे किरकोळ आहेत. खरी अडचण किमतीची आहे. नाव मोठे असल्याने थकलेल्या गाडीलाही ताज्या गाडीचा भाव मागितला जातो.

टीयूव्ही ३०० दिसायला चौकोनी, चालवायला ट्रकच्या वळणाची आणि मागच्या चाकांवर चालणारी. तिची बांधणी शिडीसारख्या चौकटीवर असल्यामुळे शेतरस्ता आणि ओझे यांची तिला फिकीर नसते. २०२१ मध्ये थोड्या फरकाने हीच गाडी बोलेरो निओ या नावाने पुढे आली, त्यामुळे सुट्या भागांची वानवा नाही. शहरी ऐषाराम मात्र तिच्यात शोधू नये. मागच्या आडव्या बाकावर बसून दूरचा प्रवास करणाऱ्याची पाठ बोलू लागते.

नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावला तयार होते. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली मोटार ठरली. मजबूत बांधणी आणि महामार्गावरील स्थिरता यांचे मालक मनापासून कौतुक करतात. सुरुवातीच्या वर्षांतील गाड्यांबाबत पडदा अडकणे, सेन्सरचे दिवे लागणे, दारांचा आवाज अशा लहान तक्रारी ऐकू येतात. म्हणून पाहणीच्या वेळी सर्व काचा, एसीची प्रत्येक पायरी, मागचा कॅमेरा, प्रत्येक बटण चालवून पाहावे. शिवाय पाच तारे मिळाले ते कारखान्यातून निघालेल्या गाडीला. अपघातात सांगाडा वाकून पुन्हा सरळ केलेल्या गाडीकडून त्या संरक्षणाची अपेक्षा ठेवता येत नाही. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर फुटलेली एअरबॅग न बदलता दिव्याचीच वायर काढलेली असण्याची शंका घ्यावी.

व्हेन्यू आणि सोनेट या गाड्या सुखसोयींमुळे तरुण मंडळींना आवडतात. त्यांच्यातील लहान टर्बो पेट्रोल इंजिन आणि दोन क्लचची स्वयंचलित गिअर यंत्रणा चालवायला सुखद असली तरी वेळेवर तेल बदलल्याची खात्री पटल्याशिवाय जुनी घेऊ नये. गिअरचे काम निघाले तर ते गावच्या गॅरेजात होत नाही.

पेट्रोल गाडीबाबत इंधनाचाही विचार करावा. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले आहे. मोठे संकट नव्हे, पण खर्चाच्या यादीत एक ओळ वाढली आहे.

कंपनीच निघून गेली तर

विश्वासार्हतेचा सर्वांत बोलका धडा इकोस्पोर्टने दिला. चांगली बांधणी, भक्कम सस्पेंशन आणि घाटवळणावर रस्ता धरून चालणारी ही गाडी चालवणाऱ्यांची लाडकी होती. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि एका दिवसात तिची पुनर्विक्रीची किंमत डळमळली. सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील असे आश्वासन कंपनीने दिले. परंतु विक्री थांबल्यावर डीलर कमी होतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या मालकाचे वर्कशॉप शंभर-दीडशे किलोमीटर लांब जाते. २०१७ च्या अखेरीस शेव्हरोलेची विक्री थांबली, तेव्हा टवेरा आणि बीटच्या मालकांनी हेच पाहिले होते. डस्टरचे उत्पादनही २०२२ मध्ये येथे थांबले, मात्र कंपनी देशात राहिली.

अशा गाड्या स्वस्तात मिळतात आणि जाणकाराच्या हाती उत्तम चालतात. पण घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. इकोस्पोर्टच्या व डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो आणि तो ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, यांतील जे आधी येईल तेव्हा बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तो तुटला तर इंजिन उघडण्याची पाळी येते. बदलल्याचे बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच समजावे आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. दुसरे म्हणजे, ही गाडी उघडून जोडणारा मिस्त्री आपल्या पन्नास किलोमीटरच्या टापूत आहे की नाही, याची आधी चौकशी करावी.

गाडीचे पासबुक

कर्ज देताना अर्जदाराच्या बोलण्यापेक्षा त्याच्या खात्याचा उतारा अधिक सांगतो. जुन्या गाडीचा असा उतारा म्हणजे तिची सर्व्हिस नोंद. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचा क्रमांक सांगितल्यावर मालकाच्या संमतीने जुन्या सर्व्हिसचा तपशील मिळू शकतो. प्रत्येक नोंदीसमोर तारीख आणि किलोमीटर असतात. २०२१ मध्ये ६२ हजार किलोमीटरची नोंद असलेली गाडी आज ५५ हजार दाखवत असेल तर आणखी काही तपासण्याची आवश्यकता उरत नाही. नोंद नसेल तर पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाची दबलेली सीट किलोमीटरची साक्ष देतात.

गाडी कोठून आली हेही पाहावे. मुंबई-कोकणातील गाडीच्या खालच्या बाजूला खाऱ्या हवेचा गंज असू शकतो, आणि कमी किलोमीटर असूनही वाहतूक कोंडीत क्लच झिजलेला असतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील गाड्या ना हरकत प्रमाणपत्रासह इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. त्या स्वस्त दिसतात. पण नव्याने नोंदणी आणि राज्याचा कर धरला की स्वस्ताई बरीचशी विरते. पुरात बुडालेली गाडी हा तर सर्वांत फसवा माल. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांनी पूर पाहिला आहे, आणि दूरच्या शहरांतील पुरातली गाडीही धुऊन-पुसून आपल्याकडे येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग आहे का, सीटखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावयास जावे. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. आणि आपला विश्वासू मिस्त्री बरोबर न्यावा. त्याला दिलेले हजार-पाचशे रुपये हा या व्यवहारातील सर्वांत फायदेशीर खर्च असतो.

नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा नाही

ओळखीत झालेल्या सौद्यात कागदांची हेळसांड होते. 'घरचाच माणूस आहे, करू सावकाश' असे म्हणून आरसी महिनोन्‌महिने जुन्याच नावावर राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो, आणि दुसऱ्या राज्यातील गाडीस नमुना २८ चे प्रमाणपत्र लागते.

ही केवळ औपचारिकता नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात एक मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली, अपघात झाला, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नुकसानभरपाईसाठी परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. म्हणजे गाडी विकून पैसे घेतलेला सज्जन मनुष्यही अनोळखी चालकाच्या अपघाताचा देणेकरी होऊ शकतो. घेणाऱ्याचेही नुकसान ठरलेले आहे. १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेतला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस घेणाऱ्याला मिळत नाही, म्हणून त्या फरकाचा हप्ताही धरून ठेवावा. सौद्यापूर्वी परिवहनच्या संकेतस्थळावर बोजा, विम्याची मुदत, पीयूसी आणि थकीत ई-चलन पाहावे. फास्टॅग जुन्या मालकाने बंद करावा आणि नव्याने स्वतःचा घ्यावा.

तरतूद

जुनी गाडी घेणारी बहुतेक कुटुंबे एका ठिकाणी चुकतात. हाती सहा लाख असतील तर सहा लाखांचीच गाडी शोधतात. मग पहिल्याच महिन्यात टायर, बॅटरी, क्लच आणि विमा यांची बिले एकदम समोर उभी राहतात आणि गाडी 'निघाली नाही' असा शिक्का बसतो. गाडी बहुधा ठीकच असते, तिच्यासाठी पैसा उरलेला नसतो. सहा लाख असतील तर गाडी सव्वापाच लाखांपर्यंतची पाहावी. उरलेल्यातून नावबदल, विमा, सर्व तेले, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कुलंट यांचा खर्च पहिल्याच आठवड्यात उरकावा. विक्रेत्याने 'कालच सर्व्हिसिंग केले' म्हटले तरी हे काम टाळू नये, कारण त्या दिवसापासून गाडीचा हिशोब आपल्या वहीत सुरू होतो. शिल्लक रक्कम वेगळी ठेवावी आणि पुढे दरमहा तिच्यात थोडी भर घालत जावी. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा अधिक असतो, म्हणून कर्ज घ्यायचेच असेल तर मुदत आखूड ठेवावी. हप्ते संपण्यापूर्वी मोठ्या दुरुस्त्या सुरू झाल्या तर दोन्ही भार एकाच वेळी खांद्यावर येतात.

एवढे पाहून घेतलेली गाडी शक्यतो सर्वांत चकचकीत नसते. बंपरवर एखादा ओरखडा असतो, रंग थोडा उन्हाने उतरलेला असतो. पण तिचे कागद स्वच्छ, बिले क्रमवार आणि टायर ताजे असतात. मध्यरात्री घरातील वृद्धाला घेऊन घाट ओलांडून अकोल्याचे रुग्णालय गाठायची वेळ आली, तर किल्ली फिरवताच ती चालू होईल याबद्दल घरात कोणाच्या मनात शंका नसते. गाडीवर भरवसा ठेवायचा तो अशा रात्रीसाठी.